धुराचा डबा

पासिंगच्या रांगेत गाडीवाल्याचा नंबर सातवा होता, आणि त्याला कसलीही काळजी नव्हती. आदल्या दिवशी त्यानं ट्रक धुऊन काढला होता, बंपरला रंग दिला होता, मागं लाल रिफ्लेक्टर चिकटवले होते. ब्रेक चोख, टायर चांगले, दिवे लागत होते. जुनी गाडी असली तरी म्हातारी दिसत नव्हती.

तपासणीचा साहेब किडकिडीत होता. तो एका गुडघ्यावर बसला आणि ट्रकखाली डोकावला. सायलेन्सरच्या आधी जो मोठा पत्र्याचा डबा असतो, त्याच्यावर त्यानं हातातल्या पान्यानं दोनदा टकटक केलं.

टण्ण. टण्ण.

"आत काही नाही," साहेब म्हणाला.

"आहे की साहेब. हा काय, डबा समोर दिसतोय."

"डबा दिसतोय. मी आतल्या फिल्टरचं म्हणतोय. भरला हंडा कसा वाजतो आणि रिकामा कसा वाजतो, हे काय मी तुम्हाला सांगायचं?"

मागचे दोन ड्रायव्हर हसले. गाडीवाल्यानंही हसून बघितलं, पण साहेब हसत नव्हता. त्यानं मशीनची नळी धुराड्यात घातली आणि ॲक्सिलरेटर दाबायला सांगितलं. गाडीवाल्यानं पाय ठेवला मात्र, काळा लोट उठला आणि सगळ्या रांगेवर पसरला. कोपऱ्यात चहा विकणाऱ्या बाईनं झटकन किटलीवर फडकं टाकलं. कुणीतरी ओरडलं, "अरे, गाडी आहे का वीटभट्टी?"

मशीनच्या काचेवर आकडा आला. साहेबानं तो कागदावर उतरवला.

"पंधरा दिवस देतो. धुराची सगळी यंत्रणा कंपनीनं दिली होती तशी बसवून आणा. नाही आणलीत तर गाडी कागदावरून उतरली. मग शेण वाहायलासुद्धा रस्त्यावर काढायची नाही."

गाडीवाला परत निघाला तेव्हा त्याचे कान तापले होते. पंधरा दिवस. त्यानंतर पाच-सहा दिवसांत वरच्या गावांमधून बटाटा निघायला सुरुवात होणार होती. वरच्या रस्त्याची वळणं इतकी अरुंद, की मोठी गाडी फिरत नाही आणि छोट्या टेम्पोत माल मावत नाही. त्याचाच ट्रक तिथं चालायचा. वरच्या लोकांना त्यानं शब्द दिला होता. त्या दोन महिन्यांवर घराचं वर्ष निघायचं.

तो डबा पोकळ कसा झाला, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

चार वर्षांपूर्वी ऐन हंगामात, भर उन्हात, चढाच्या मधोमध गाडीचा दम गेला होता. समोर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलेला, मागं पोत्यांची थप्पी. धुराचा फिल्टर चोंदला होता, आणि हे त्या वर्षी तिसऱ्यांदा. तो ताबडतोब थोरल्या बहिणीकडं गेला. तालुक्याच्या रस्त्यावर तिचं गॅरेज. डिझेलचे पंप आणि नोझल दुरुस्त करण्यात आसपास तिच्यासारखं कुणी नव्हतं. सगळे तिला अक्का म्हणत. दाजी वारून तेव्हा आठ महिने झाले होते.

"फिल्टर का चोंदतो ते शोधावं लागेल," अक्का म्हणाली. "दोन दिवस गाडी ठेव."

"दोन दिवस? माल कुजेल वर. तू नुसती आतली जाळी फोडून काढ. सगळे काढतात."

"सगळे काढतात त्यांच्याकडं जा मग. मी नाही काढणार."

शब्दानं शब्द वाढला. आणि गाडीवाला बोलून गेला, "गॅरेज दाजींचं होतं. तू गल्ल्यावर बसायचीस. तुला कशाला कळतंय इंजिनातलं?"

अक्कानं हातातला पाना ट्रेमध्ये ठेवला आणि फाटकाकडं बोट केलं. त्या दिवसापासून तिनं भावाच्या घराची पायरी चढली नव्हती.

हायवेवरच्या एका फिटरनं तासाभरात डबा कापला, आतली जाळी छिन्नीनं फोडली आणि डबा परत वेल्डिंग करून दिला. गाडी वाऱ्यासारखी पळायला लागली. गाडीवाला खूश झाला. मागं काय उडतंय ते त्याला केबिनमधून दिसत नव्हतं.

"मग अक्कांकडं जा," पासिंगचं सगळं ऐकून बायको म्हणाली. ती अंगणात पोती उसवून शिवत होती. फाटलेलं एक घ्यायचं, चांगली बाजू कापायची, दुसऱ्याला जोडायची.

"ती मला उभं करणार नाही."

"उभं नाही केलं तर बसा. पण जा."

गाडीवाला आधी हायवेच्या फिटरकडं गेला. फिटर म्हणाला, डब्यात लोखंडी चोथा आणि वाळू ठासतो. साहेबानं टकटक केलं तर ठस्स वाजेल. गाडीवाल्याला युक्ती पटली. घरी येऊन त्यानं ती बायकोला सांगितली.

बायकोनं दाभण पोत्यात खोचलं. "साहेबाचा कान फसेल. मशीनचं नाक फसेल का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गॅरेजच्या फाटकाशी उभा होता.

अक्का टेबलाशी बसून नोझल तपासत होती. दांडा दाबायची आणि टोकातून डिझेलचं धुकं कसं सुटतं ते बघायची. केस पांढरे झाले होते. कानामागं पेन्सिल होती. तिनं वर बघितलं नाही.

"गिऱ्हाईकानं पिवळ्या रेघेच्या पलीकडं उभं राहायचं."

तो पलीकडं सरकला. "अक्का, पासिंगला नापास झाली गाडी."

"ऐकलं. अख्ख्या रांगेला काजळ घातलंस म्हणे." तिनं दांडा दाबला. "किती दिवस?"

"पंधरातला एक गेला."

तिनं एक कार्ड ओढलं आणि पेन्सिल काढली. नाव विचारलं नाही. 'जुना ट्रक' असं लिहिलं. "काय काय काढलंयस, काय काय बदललंयस, सांग. एकेक."

गाडीवाल्यानं सांगितलं. फिल्टरची जाळी फोडलेली. तिच्या सेन्सरच्या वायरी कापून टेप लावलेली. धूर थोडा परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह पत्र्याची चकती घालून बंद केलेला. आणि फिल्टर शोधूच नये म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्राम बदललेला.

"आणखी?"

"एवढंच."

अक्कानं पहिल्यांदा मान वर केली. "आणखी?"

"नाही. एवढंच."

"बरं." ती टेबलाला धरून उठली. उठताना तिनं दात आवळले, आणि दोन पावलं ती लंगडतच आली. तिचे गुडघे गेलेत हे गाडीवाल्याला माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानं विचारलं नव्हतं.

"मला गाडीखाली जाता येत नाही," ती म्हणाली. "कामाला होता तो माणूस शहरात गेला. तेव्हा हात तुझे, डोकं माझं. जमत असेल तर कपडे बदल."

त्या दिवसापासून गाडीवाला सकाळी आठला ट्रकखाली शिरायचा आणि उन्हं उतरली की बाहेर यायचा. अक्का जुन्या टायरवर फळी टाकून शेजारी बसायची आणि तिथून हुकूम सोडायची. "ओढू नकोस, आधी डिझेल सोड गंजावर. थांब. आता तापव. आता पाना लाव. तोंडाकडं नको ओढू, सटकला तर दात जातील."

एक पाना सटकलाच. दात वाचले, बोटांची सालं गेली. तिनं वरून फडकं टाकलं. "बांध आणि पुढचा घे."

व्हॉल्व्ह उघडला तेव्हा आतून चार वर्षांची काजळी निघाली, डांबरासारखी घट्ट. हवेच्या नळीत तीन बोटं जायला हवीत तिथं एक जात नव्हतं. गाडीवाला दीड दिवस खरवडत होता. खोकला आला की काळं थुंकायचा. तिसऱ्या दिवशी घरी बायकोनं दारातच साबण आणि बादली ठेवली. "आत येऊ नका. आधी माणसात या."

मग अक्कानं इंजिन चालू करायला लावलं आणि इंजिनात हवा ढकलणाऱ्या टर्बोपासून निघणाऱ्या रबरी नळीवर साबणाचं पाणी ओतायला सांगितलं. नळीच्या खालच्या अंगाला, जिथं हात जेमतेम पोचतो तिथं, बुडबुडे फुटायला लागले. बोटभर चीर होती. कडा जुन्या, कडक झालेल्या. हवा तिथून पळत होती, इंजिनाला पुरत नव्हती, म्हणून डिझेल अर्धवट जळत होतं. आणि फिल्टर चोंदत होता.

गाडीवाला चिरेवर अंगठा ठेवून तसाच पडून राहिला. फक्त दोन दिवस लागले असते. त्या वर्षीच सापडलं असतं हे.

तो वाट बघत होता की आता अक्का बोलेल. अक्का म्हणाली, "नवी नळी मागच्या फळीवर आहे. क्लिपा दोन्ही बदल."

सहा नोझलमधली दोन ठिबकत होती. ती तिनं स्वतः टेबलावर घेतली आणि उघडली. चष्मा नाकावर सरकवून, श्वास रोखून ती तांदळाएवढ्या भागाला भाग जुळवत होती.

"फिल्टरचं कधी बघायचं?" त्यानं विचारलं. "सात दिवस गेले."

"फिल्टर म्हणजे केरसुणी. घरात चिखलाचे पाय घेऊन येणारे आधी थांबव, मग केरसुणी आण. नाहीतर झाडणाऱ्याचा जीव जाईल."

आठव्या दिवशी दोघं भंगाराच्या आवारात गेली. ह्याच कंपनीचा, ह्याच वर्षीचा एक ट्रक तिथं कुशीवर पडला होता. चालक वाचला होता, सांगाडा वाकला होता, पण पोटाखालचा डबा शाबूत होता. अक्कानं भंगारवाल्याला तो उतरवायला लावला आणि एका तोंडाशी बॅटरी धरून दुसऱ्या तोंडातून बघितलं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी, सगळी राखेनं बुजलेली.

"मेलेला आहे हा," गाडीवाला म्हणाला.

"मेलेला नाही. तुंबलेला आहे. तडा एकही नाही, बघ."

ती त्याला घेऊन कुंभाराकडं गेली. कुंभाराची आणि तिची ओळख जुनी होती. त्यानं जाळी भट्टीत ठेवली आणि सांगितलं, उद्या दुपारी या. हळूहळू तापवायची, हळूहळूच निवू द्यायची. घाई केली की तडकणार, मग मडकं असो की मशीन. दुसऱ्या दिवशी जाळी बाहेर आली तेव्हा करडी, स्वच्छ होती. गॅरेजमध्ये उलट बाजूनं हवा मारली तर कपभर राख निघाली. अक्कानं परत बॅटरी लावली. पलीकडून गाडीवाल्याच्या तळहातावर उजेडाचे बारीक बारीक चौकोन पडले.

त्याला उगाच हसू आलं. अक्काही हसली असावी, पण तिनं तोंड फिरवलं.

जाळी डब्यात बसली, डबा गाडीखाली बसला. कापलेल्या वायरी रंगाला रंग जुळवून जोडल्या. अक्कानं कोपरा फुटलेला लॅपटॉप गाडीला लावला आणि जुना प्रोग्राम परत घातला. बाराव्या दिवशी दुपारी दोघं ट्रायलला निघाली. मागं वजनाला वाळूची पोती होती. अक्का लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. जाळीच्या आत किती दाब साठतोय, तो आकडा तिला दिसत होता.

पहिल्या दोन वळणांपर्यंत आकडा ठीक होता. तिसऱ्यावर वाढला. चौथ्यावर आणखी वाढला. पिवळा दिवा लुकलुकून गेला.

"काहीतरी चुकतंय," अक्का म्हणाली. "नळी बदलली, नोझल केली, व्हॉल्व्ह साफ. एवढी काजळी यायचं कारणच नाही. इंजिनात मागितल्यापेक्षा जास्त डिझेल जातंय."

गाडीवाला रस्त्याकडं बघत होता.

"यंत्राला खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली. "म्हणजे आपल्या दोघांतलं कुणीतरी बोललंय. मी तर नाही."

पाचव्या वळणावर बाजूला जागा होती. त्यानं गाडी तिथं घेतली आणि हँडब्रेक ओढला. मग वाकून डॅशबोर्डखाली हात घातला आणि काड्यापेटीएवढा एक काळा डबा बाहेर ओढला. वायरी लोंबत होत्या.

"हायवेवाल्यानं लावून दिला होता. ह्यानं डिझेल जास्त सुटतं. ताकद वाढते."

"मी दोनदा विचारलं होतं."

"हो."

"दोनदा, धाकट्या."

"हा काढला तर चढावर गाडी दम टाकेल अशी भीती वाटली. आणि..." तो थांबला. "आणि एवढी सगळी लाज तुझ्यापुढं काढल्यावर आणखी एक काढवेना."

अक्का खिडकीतून बाहेर बघत राहिली. उतारावर कुणीतरी गवत कापत होतं, विळ्याचा आवाज इथपर्यंत येत होता.

"अक्का, त्या वेळी मी गॅरेजबद्दल बोललो. दाजींबद्दल. ते बोलायला नको होतं."

"नको होतं."

"मला तेव्हाही माहीत होतं की ते खरं नाही."

"खरं नाहीच," अक्का वळून म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम चढला. "बाबांच्या शेतातलं इंजिन रोज सकाळी कोण चालू करायचं? हँडल कोण मारायचं? नोझल काढून फुंकायचं कोण? तू बांधावर तोंड उघडं टाकून झोपलेला असायचास, माश्या जायच्या तोंडात! तुझ्या दाजींना नोझल जुळवायला मी शिकवलं. सगळ्या गावाला सांगत होते ते. तुलाच ऐकू आलं नाही."

गाडीवाल्याचे डोळे भरून आले. त्यानं ते काजळीच्या बाहीनं पुसले, आणि चेहऱ्याचं जे काय झालं असेल ते बघून अक्काचा राग अर्ध्यावरच अडकला.

"पूस नीट," ती म्हणाली. "आणि तो डबडा काढून टाक. वायरी मूळच्या जागी लाव. पिवळी पिवळीला."

दहा मिनिटांत काम झालं. गाडी परत चढाला लागली. गाडीवाल्याचा पाय हलका पडत होता. आता बसेल, आता बसेल, असं त्याला प्रत्येक वळणावर वाटत होतं. एक गिअर खाली घ्यावा लागला. पण इंजिन ओढत होतं. उड्या न मारता, एका सुरात, नांगराला जुंपलेल्या समजूतदार जनावरासारखं ओढत होतं.

"चार वर्षं हवेशिवाय पळवलंस तिला," अक्का म्हणाली. "आता श्वास घेतेय. थांबू नकोस, असंच अर्धा तास चालव. जाळी तापू दे, साठलेलं जळून जाऊ दे."

वरच्या सपाटीला पोचेपर्यंत खालून तापल्या लोखंडाचा वास आला. लॅपटॉपवरचा आकडा आधी चढला, मग एकेक पायरी उतरत गेला. पिवळा दिवा परत आला नाही. अक्कानं लॅपटॉप मिटला, डोकं मागं टेकवलं आणि पाय लांब केले.

चौदाव्या दिवशी पासिंगला तोच किडकिडीत साहेब होता. त्यानं गाडीखाली जाऊन एकेक वायर बोटानं चाचपली, व्हॉल्व्ह बघितला, डब्याचे जोड बघितले. मग मशीनची नळी लावली आणि एकदा, दोनदा, तीनदा पाय दाबायला सांगितलं. मशीनवर आकडा आला. साहेबानं नळी काढून पुसली, परत लावली आणि पहिल्यापासून सगळं परत केलं. गाडीवाल्याच्या पाठीवरून घाम ओघळला.

आकडा तोच आला.

"मशीन बिघडलं असं वाटलं मला," साहेब म्हणाला. त्यानं शिक्का मारला आणि कागदाच्या खालच्या रकान्याशी पेन नेलं. "दुरुस्ती कुणी केली?"

"माझ्या बहिणीनं."

"बहिणीनं?"

"थोरल्या. डोकं तिचं होतं. मी नुसता हात."

"गॅरेज कुणाचं?"

"तिचंच," गाडीवाला म्हणाला. बाहेर बाकावर अक्का बसली होती तिथपर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. "पहिल्यापासून तिचंच आहे."

अक्का चहावाल्या बाईशी बोलत होती. तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. पण तो कागद घेऊन आला तेव्हा तिनं तो दोनदा वाचला, विशेषतः खालचा रकाना, आणि घडी घालून त्याच्या खिशात स्वतःच्या हातानं ठेवला.

"आठवड्यातून एकदा चाळीस मिनिटं सलग चालव. बाजारापुरतं पळवून आणलंस की परत चोंदेल."

"हो."

"आणि सोमवारी मोकळा असशील तर ये. दोन पंप उतरवायचेत, माझ्यानं वाकवत नाही."

"येतो. आणि आज तू घरी चल."

"कपडे बघ माझे."

"आमच्याकडं दारात साबण आणि बादली असते," तो म्हणाला.

नणंदेला बघताच बायको शिवत असलेलं पोतं बाजूला टाकून आधी पाट आणायला धावली. मग अक्काचे गुडघे आठवले, आणि पाट ठेवून खुर्ची आणली.

सहा दिवसांनी बटाटा निघाला. वरच्या गावाहून पहिली खेप भरून गाडीवाला उतरला, माल टाकला आणि दुसऱ्या खेपेला रिकाम्या पोत्यांची थप्पी घेऊन परत चढाला लागला. सकाळची नऊची वेळ, शेतांमध्ये माणसं वाकलेली. तिसऱ्या वळणावर त्यानं सवयीनं आरशात बघितलं आणि दचकला.

मागं एक ट्रॅक्टर होता. अगदी जवळ, हाताच्या अंतरावर. ट्रॉलीत दहा-बारा बाया बसल्या होत्या, कुणाच्या मांडीवर पाटी, कुणाच्या कडेला मूल. त्यांच्या बाजूला मोटरसायकलवर शाळेचे मास्तर.

एवढ्या वर्षांत ह्या चढावर त्याच्या मागं कधी कुणी नसायचं. लोक गाडीला मान देऊन लांब राहतात अशी त्याची समजूत होती. ते कशापायी लांब राहत होते, हे आत्ता, ह्या वळणावर, आरशात एकेक तोंड स्पष्ट दिसायला लागल्यावर त्याच्या ध्यानात आलं. एक म्हातारी दात नसलेलं तोंड उघडून काहीतरी सांगत होती आणि बाकीच्या हसत होत्या.

त्यानं गाडी डावीकडं घेतली आणि खिडकीतून हात काढून खूण केली, जा पुढं. मास्तर गेले. ट्रॅक्टरवाल्यानं मात्र हातानंच नको म्हटलं. त्याला काही घाई नव्हती.

गाडीवाल्यानं गिअर बदलला आणि त्या सगळ्यांना मागं घेऊन चढ चढू लागला.